कार्बन प्रत

कुताइसीच्या जुन्या नाट्यगृहात, फेब्रुवारीत,
सहाव्या फेरीचे कागद मी गोळा करतो.
पांढरी प्रत खेळाडूची, पिवळी आमची.
अठ्ठावीस वर्षं पंच म्हणून काढली;
माणसं मला चेहऱ्यापेक्षा
पेनाच्या दाबावरून लवकर ओळखू येतात.

त्सिसाना ओनियानीचा दाब
एके काळी खालच्या टेबलक्लॉथवर उमटायचा.
तेव्हा ती चाल आधी लिहायची, मग खेळायची
(तेव्हा चालायचं ते)
आणि हत्ती असा सरकवायची
की समोरच्याचा चहा बशीत सांडायचा.
प्यादी ती मोजतच नसे.
म्हणायची, सुटे पैसे ते, बसमध्ये द्यायचे.

आता बासष्टची.
दहाव्या चालीला वजिराला वजीर देऊन मोकळी होते.
लोक म्हणतात, पोळली आहे, ताक फुंकून पिते.
मला विचाराल तर
(कुणी विचारत नाही, पंचाला मत नसतं)
ती घर आवरते आहे.
जेवढ्या खोल्यांना दिवा पुरेल
तेवढ्याच उघड्या ठेवते.

मागच्या वर्षी पायऱ्यांवर सिगरेट ओढताना
तिनंच सांगितलं,
"सात चाली लख्ख दिसायच्या.
आता चौथीला धुकं उतरतं.
तिसऱ्या चालीत मेलेला घोडा
पाचव्या चालीत परत उभा राहतो,
माझ्या राजाला वाचवायला येतो.
इतका खरा दिसतो,
त्याच्या भरवशावर दोन डाव घालवले मी."
राख झटकली.
"गेल्या महिन्यात पाठ केलेली सुरुवात पटावर बसले की गायब.
शाळेत असताना बापानं शिकवलेली मात्र
अजून जशीच्या तशी. त्याच्या खोकल्यासकट."

आज समोर तेकले.
अकरा वर्षांची, दातांना तार,
खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसलेली.
बाविसाव्या चालीला एफ-सातवर घोडा टाकता येत होता.
सगळ्यांना दिसला. मलासुद्धा.
त्सिसानानं चष्मा काढला, पुसला, घातला.
उठून तोंड धुऊन आली.
एकतीस मिनिटं.
रेडिएटर आतून कुणी ठोठावल्यासारखा वाजत होता.
मग कडेचं प्यादं
एक घर.

चव्वेचाळिसाव्या चालीला बरोबरी.
सोंगट्या डब्यात भरताना पोरगी म्हणाली,
"घोडा का नाही टाकलात? मला भीती वाटत होती."
"कारण तो चुकीचा आहे."
"पण माझ्या सरांच्या वहीत तुमचा एक डाव आहे,
त्यात तर तुम्ही टाकलाय."
"तेव्हाही चुकीचाच होता, बाळा.
मला माहीत नव्हतं,
म्हणून जिंकला."
आणि पिशवीतून तेंदूसारखं लालबुंद खुरमा काढून
तिच्या हातावर ठेवलं,
उठताना टेबलाचा आधार घेतला.

रात्री हॉटेलात मी पिवळे कागद लावत बसलो.
तिचे अलीकडे फिके येतात,
दिव्याखाली धरून वाचावे लागतात.
बाविसाव्या ओळीत एच-तीन, नेहमीसारखं, पुसट.
आणि त्याच्याखाली, त्याच ओळीत,
दुसरं काहीतरी.
गडद.
टोपण न काढता लिहिलं असणार,
वरच्या कागदावर शाई नसेल,
पण कार्बनला टोपण कळत नाही.

घोडा एफ-सात.
पुढे उद्गारचिन्ह.

खेळण्याआधी चाल लिहू नये, असं कलम आहे.
शिक्षा: ताकीद.
अहवालात मी लिहिलं,
टेबल तीन, बरोबरी, तक्रार नाही.
कागद उलटा केला,
मागून अंगठा फिरवला.
टोचत होतं.