फायटो

जानोरीच्या पॅकहाउसमध्ये
माझं काम भिंगातून बघायचं.
पेटीतला एक घड उचलायचा,
देठाच्या बेचक्यात मिलीबग, मण्यावर चट्टा,
चुकून राहिलेला पानाचा तुकडा,
काहीच नसलं की निळ्या शाईत लिहायचं: रोगमुक्त.
त्या कागदाला आम्ही फायटो म्हणतो.
तो नसेल तर कंटेनर
न्हावाशेवाच्या पुढे सरकत नाही.

पानावरच्या तेलकट डागाचं नाव केवडा.
एवढं सुवासिक नाव कुणी ठेवलं असेल?
वाटतं, इथंच कुठं बांधावर जन्मला असेल.
पण गांगुर्डे सर सांगायचे, तो परदेशचा.
कलमांच्या मोळीत बसून बोटीनं युरोपात आला,
तिथून कसा कोण जाणे, आमच्याकडे.
त्याचा फायटो कुणी मागितला नव्हता.

फेब्रुवारीत रॉटरडॅमचा खरेदीदार आला.
उंच, लाजरा, जाळीच्या टोपीत न मावणारे कान.
भिंगाशी माझ्याच शेजारी वाकला,
खोकला, सॉरी म्हणाला.
यमुनाबाईंनी पाणी दिलं
तर दोन्ही हात जोडले त्यानं, तांब्यासकट.

आठ दिवसांत पहिल्या टेबलावर शिंका.
मग तिसऱ्या. दुसरं मधेच कसं सुटलं
याचाच बायकांना राग.
मग बंदराला माल नेणारा लतीफ पिंजारी,
मग माझी लेक, मग तिचा अख्खा वर्ग.
सगळ्यांचं बोट त्या गोऱ्या कानांकडे.
माझंही.

आमच्या पेटीवर आकडा असतो,
तो वाचला की मळा कळतो, तोडणीची तारीख कळते.
खोकल्यावर आकडा नसतो.

मार्चात त्याचा मेल आला. माल उत्तम पोचला.
खाली एक ओळ: मी मात्र घरी परतल्यापासून अंथरुणात.

मी दिवस उलटे मोजत बसले.
पुन्हा मोजले.
तो यायच्या आदल्या दिवशी
घसा माझाच खवखवत होता.
मिठाच्या गुळण्या करून कामावर आले होते,
सीझनमध्ये कोण घरी बसतं.
आणि सहीसाठी पेन त्याला
मीच दिलं होतं, टोपण दातानं काढून.

उत्तरात लिहिलं, आराम करा.
दुसरं काय लिहिणार.
बाहेर लतीफनं रीफर चालू केला.
शून्य अंशावर, अंधारात,
निघाले तेरा टन मणी,
एकालाही काही झालेलं नाही.