पंक्चर काढायला पाणी लागतं

इस्माईल तांबोळीच्या दुकानात, रास्ता पेठेत,
कॉम्प्रेसरच्या वर आयर्लंडचा नकाशा आहे.
ब्याऐंशी साली डोनल नावाचा एक लांबुडका माणूस
चार स्पोक आणि एक ॲक्सल बसवून घेऊन
पैशांऐवजी तो ठेवून गेला.
नकाशात जमिनीपेक्षा तळीच फार.
त्यांत इस्माईलच्या ग्रीसच्या बोटांनी
आणखी सतरा-अठरा भर घातली.
आता डोनललाही सांगता यायचं नाही
कुठलं तळं देवाचं, कुठलं चेनच्या तेलाचं.

"तिकडे तळ्याला लॉख म्हणतात," इस्माईल सांगतो,
"घशातून काढायचं, खाकरल्यागत.
मुलूख गरीब, पण दारोदार लॉख-दोन लॉख."
हा विनोद मी तारघरात नोकरीला होते तेव्हापासून ऐकते.
हसते. ओव्हरहॉलिंगचे पैसे कमी घेतो तो.

मीसुद्धा जाणार होते.
फंड मिळाला तेव्हा पासपोर्ट काढला,
दोन तळ्यांमधून चष्म्याच्या दांडीएवढा रस्ता जातो
त्याच्यावर पेन्सिलने खूणही केली.
मग फंड गच्चीच्या गळतीत गेला.
पाण्यातच गेला म्हणायचा.

तेव्हा पानशेत.
मे महिना, पहाटे साडेचार,
कॅरिअरला दशम्या, लसणाची चटणी, पंप.
धायरी फाट्यापर्यंत कुत्री सोबतीला, पुढे नाहीत.
खडकवासल्याच्या भिंतीपाशी कणसंवाल्यांच्या शेगड्या थंड,
पाणी राखेच्याच रंगाचं.
खानापूरला चहा. चहावाला विचारतो, "एकट्याच?"
"नाही, सायकल आहे."
मग चढ, मग उतार, मग चढ,
गुडघा आपला हिशेब वेगळा ठेवतो.
उजवीकडे झाडांतून पाणी दिसतं, लपतं,
पुन्हा दिसतं तेव्हा रंग बदललेला.
डोनल म्हणाला होता म्हणे, तिकडे दर वळणावर पाऊस बदलतो.
इथे ऊनच. पण वळणं तीच असावीत.

धरणाच्या पुढे, आत,
बाभळीचा काटा. मागचं चाक.

सायकल ढकलत पाण्याकडे उतरले
तर उतरायला रस्ता निघाला,
खडीचा, कडेला दगड लावलेले,
सरळ पाण्यात शिरणारा.
एक म्हातारी म्हैस धुत होती. ठकूबाई.
"वरचा तो रस्ता नव्हं," ती म्हणाली. "रस्ता ह्यो.
आमच्या दारावरनं जायाचा."
दार कुठे, ते मी विचारलं नाही.
म्हैस मानेपर्यंत त्यातच उभी होती.

टायर उकलला. ट्यूबमध्ये हवा भरली.
इस्माईलकडे घमेलं असतं, त्याच्यात काळं पाणी;
इथे एवढं मोठं घमेलं.
ट्यूब बुडवली आणि बोटाबोटाने फिरवत नेली.
काही नाही. काही नाही.
मग वॉल्व्हच्या जरा पुढे
बुडबुड्यांची बारीक माळ.

ठकूबाई वाकून बघत होती.
"असंच निघत हुतं," ती म्हणाली,
"पानी चढलं तवा. चुलीतनं, उंदराच्या बिळातनं,
जात्याच्या भोकातनं.
दोन दिस गाव बुडबुडत हुतं.
आम्ही वर बसून बघत हुतो."

पॉलिश पेपरने घासलं. सोल्यूशन लावलं.
ते सुकायला पाच मिनिटं द्यावीच लागतात.
पाच मिनिटं आम्ही दोघी गप्प.
मी दशमी मोडून दिली,
तिने अर्धी खाल्ली, अर्धी म्हशीला.
"हवा बसली का?"
"बसली."
"मंग जावा. ऊन चढंल."

परतीला वारा समोरून.
खडकवासल्याला तोवर जत्रा, भजी, फुगे,
गाड्यांचे दरवाजे उघडे, आतून गाणी.
मी हवा तपासायला तीनदा उतरले.
गरज नव्हती.

सोमवारी इस्माईलने पॅचवरून अंगठा फिरवला.
"बरा बसलाय. पाणी कुठलं?"
मी नकाशावर बोट ठेवलं,
पानशेतच्या आकाराच्या एका डागावर.
नाव वाचायला दोघंही पुढे वाकलो.
नाव नव्हतं. ग्रीस होतं.