दुसरी वेलांटी

पुलगावच्या स्टँडमागे, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत
आई हात पसरून बसली,
रक्त तपासायला बसतात तशी.
पोरगा म्हणाला, मावशी, पुसल्या नाही जात, झाकता येते.
झाक मंग, आई म्हणाली. वेल काढ. पानं जास्त.
कशाचा वेल?
तिने जरा विचार केला.
वालाचा.

सुई चालू असताना ती खिडकीतून एसट्या मोजत होती.
आर्वी, आर्वी, वर्धा,
मग एक नादुरुस्त, जी जागची हललीच नाही.

पट्टी बांधताना त्याने नियम सांगितले, ते मला, आईला नाही.
दोन वेळा धुवायचं, चोळायचं नाही.
मलम नखाएवढंच.
पंधरा दिवस ऊन नको, टाक्यात हात बुडवणं नको,
खाज सुटली तर वरून थोपटायचं,
आणि खपली ओढायची नाही, ती तिच्या वेळेनं पडते.
“हयद लावू?” आईने विचारलं.
तो घाबरलाच.
परतीच्या गाडीत ती म्हणाली,
“ऊन नाही, हयद नाही. बाळंतिणीपक्षा नखरे.”

जिनिंगमध्ये सरकी खाली पडते, रुई हवेत राहते:
पापण्यांवर, भाकरीवर, ओल्या मलमावर.
मी जुन्या पोलक्याची बाही कापून
तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चढवली.
तरी संध्याकाळी उतरवली की
पानापानाला पांढरे धागे,
वालावर पिठ्या ढेकूण पडावा तसे.
उकळून निवलेलं पाणी, तांब्याची बारीक धार.
मी एकेक धागा सोडवते.
ती हात माझ्याकडे देऊन टीव्ही बघते.
इतका वेळ मी तिचा हात कधी धरला होता,
आठवत नाही.

इंदूबाई नेवारेने गाठोडं उचलता उचलता विचारलं,
“नवरा जिता असून नाव खोडलं व माय?”
“खोडलं कुठी,” आई म्हणाली,
“पाल्याखाली आहे.”

नवरा वापीला आहे.
एकदा कुणाच्या तरी फोनवर त्याचा फोटो आला होता.
मागे टाइल्स लावलेली भिंत, मांडीवर एक पोरगा,
कपाळ माझ्यासारखं.
आईने फोटो मोठा करून टाइल्स पाहिल्या.

साखरपुडा झाला त्या वर्षी जत्रेत गोंदवलं होतं तिने,
हिरव्या शाईत, चार अक्षरं.
गोंदणारीने वी ला दुसरी वेलांटी दिली.
शाळेच्या दाखल्यावर पहिली आहे.
बारावीच्या फॉर्मवर पण पहिली.
तेजल, मग ते, मग भोयर.
मधला रकाना मीच भरलाय, निळ्या पेनने, स्वच्छ अक्षरात.
त्यावर कुठला वेल काढणार.

सातव्या रात्री जाग आली.
थप थप, थप थप.
वाटलं, शेजारच्यांचं लेकरू उठलंय.
अंधारात आई स्वतःचाच हात
थोपटत बसली होती.

तेराव्या दिवशी गोधडीवर काळसर पापुद्रे सापडले,
चिंचेच्या सालपटासारखे.
मी तिला उंबऱ्याशी आणलं, उजेडात.
दे गेला होता. दा गेला होता.
स एका पानाच्या पोटात निजला होता, शोधूनही दिसेना.
फक्त वेलांटी राहिली होती,
फिक्की, हिरवी,
शेवटच्या पानावरून वर वळलेली,
धरायला खाली काहीच नाही.

पुन्हा जाऊ, मी म्हणाले, भरून घेऊ तेवढी.
आईने मनगट इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.
“राहू दे,” म्हणाली.
“वेलाले लोंबतेच काही ना काही.”

डबा घेतला आणि निघाली.
पंधरा व्हायला दोन दिवस होते अजून.
मी बाही घेऊन फाटकापर्यंत धावले,
तोवर ती उन्हात पोचली होती.