पांदान

खाडीकडच्या खोलीचं भाडं आठशे, न्याहारी धरून.
नोंदणीच्या फॉर्मात एक रकाना होता :
पाहुण्यांना कोणता सांस्कृतिक अनुभव द्याल?
मी लिहिलं, नारळ सोलणे, नारळ खवणे,
भरती असल्यास तिवरांतून होडी.
सासू म्हणाली, खवण्याचे पैसे घेतात होय गो?
मग चाळीस वर्षांचे माझे किती झाले, तेवढं मांड.

दाभोळच्या फेरीबोटीतून ती उतरली.
डोईला रुमाल आमच्यासारखाच,
टाचणी मात्र भलत्याच जागी.
नाव नूराइनी, गाव तेरंगानूकडचं,
तिथेही नदी अशीच समुद्रात शिरते म्हणे,
घरं खांबांवर, खाली कोंबड्या.
चपला तिने न सांगता पायरीखाली काढल्या.
सासूने ते पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं.

दुपारी मी खवणी मांडली, मोबाइल उभा केला,
पाठ केलेली इंग्रजी वाक्यं सुरू केली.
तिसऱ्या वाक्याला पाहते तर
बाई खवणीवर बसलेली, एक गुडघा वर,
आणि वाटी रिकामी, करवंटीला खरवड नाही.
सासू म्हणाली, आता हिच्याकडून घ्यायचे
की हिला द्यायचे?

भात टाकायच्या वेळी ती चुलीपाशी आली,
म्हणाली, पांदान?
सासू उठली, फडताळातून पानदान आणलं,
पितळी, कात चिकटलेलं, चिंचेने घासून तिच्या पुढ्यात ठेवलं.
ती हसली नाही. उघडलं,
पानाचा देठ खुडला, चुना बोटावर घेतला,
मोजून इवलासा, आजीला द्यावा तसा,
आणि विडा सासूच्या हातात.
मग मागच्या दाराने गेली,
धुण्याच्या दगडापाशी, सांडपाण्यावर वाढलेलं
आमचं अंबेमोहोराचं पान खुडून आणलं.
पांदान.
आम्ही ते कापून टाकतो.
तिने त्याची गाठ मारली, भातात सोडली.

जेवताना पहिल्या घासाला म्हणाली, सुका!
सासूने ऐकलं आणि भातावर दोन डाव कालवण ओतलं.
पुन्हा सुका. पुन्हा डाव.
तिसऱ्यांदा मी मोबाइलला विचारलं.
सुका म्हणजे आवडलं.
आपलंच सुख असेल हे, मी म्हटलं,
गलबतात बसून गेलेलं.
सासू म्हणाली, मग परत यायला इतका उशीर?

दोरीवर सासऱ्यांची लुंगी वाळत होती,
पिनांगहून आणलेली, बोटीवर इंजिनखोलीत होते तेव्हाची,
लाल, फुलाफुलांची.
घरात तीच नेसायचे, सव्वीस वर्षं.
तीच मी पाहुणीच्या गादीवर पसरणार होते.
नूराइनीने काठ हातात घेतला,
मधला वेगळा पट्टा दाखवला.
याला केपाला म्हणतात, म्हणाली, केपाला म्हणजे डोकं.
मी म्हटलं, आमच्याकडे नुसतं कपाळ.
मग ती जरा थांबली.
पुरुष चौकड्याची नेसतात.
ही बाईची.

कुणी काही बोललं नाही.
दुकानदाराने फसवलं असेल, मी म्हटलं.
हो, हो, नूराइनी म्हणाली, घाईघाईने.
सासूने लुंगी काढली, ओलीच,
आणि आत नेली.
रात्री तिच्या खोलीत पेटीचं झाकण
दोनदा वाजलं.

सकाळी अंगण झाडायचा आवाज आला.
सासू. लाल फुलं पोटऱ्यांपर्यंत,
पट्टा बरोबर मागे, कुणी शिकवला कोण जाणे.
लांबी नीट आहे, ती म्हणाली,
माझ्याच मापाची.
द्यायला लाजला असेल मेला.
झाडू थांबवला.
किंवा नसेलही. आता कुणाला विचारू?
आणि पुन्हा झाडायला लागली,
जिथे झाडून झालं होतं तिथेच.

बिलात मी 'नारळ खवणे' लिहून खोडलं.
फेरीबोट सुटल्यावर
नूराइनीने हात केला, आम्हीही केला,
सासूने लुंगीतच, जेटीवर, सगळ्या गावादेखत.
घरी येऊन मी तांदूळ धुतले,
पान कापायला सुरी घेतली.
पाठीमागून आवाज आला,
गाठ मार गो.