किल्ल्याची किल्ली

डांबर संपतं तिथं ओरोसियाचं घर.
आरागॉनच्या या खोऱ्यात हिवाळ्यात माणसं चार,
त्यातला पाद्री रविवारपुरता.

किल्ला बघायचाय म्हटल्यावर
एप्रनला हात पुसत
तिनं खुंटीवरची किल्ली काढून दिली,
वीतभर, तिच्या अंगठ्याएवढी जाड.

दोन तास चढ.
बुटांना थाइमचा वास,
डोक्यावर गिधाडं, त्यांना कसली घाई नाही.

वर दरवाजा नव्हताच.
चौकटसुद्धा नाही.
दोन भिंती, मधून आभाळ,
उंबऱ्याच्या दगडावर शेळ्यांच्या ताज्या लेंड्या.

तरी खिशातून किल्ली काढली,
हवेत एकदा फिरवली.
कुणी बघत नव्हतं.

संध्याकाळी परत दिली तेव्हा
ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली,
"दार नीट लावलंस ना?
रात्री तिकडं वारा फार."