सतरातलं एक माणिक

त्या हिवाळ्यात लोणी आमच्या घरातून हद्दपार झालं.
गॅरेज गोठलेलं, म्हणून बाबांनी सगळा पसारा
स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून मांडला:
रुग्णवाहिकेतून मोडीत निघालेली बुटकी टाकी,
पितळी जोड, तांब्याची नळी,
गॅस मास्कची नालीदार रबरी सोंड.
तेलाचं आणि ऑक्सिजनचं विळ्या-भोपळ्याचं सख्य,
एक तेलकट बोट लागलं तरी भडका, ते म्हणायचे.
मग राईचा काळा पाव आम्ही कोरडाच चावायचो,
आणि मी, नऊ वर्षांची, स्पिरिटने हात धुऊन
एकेक सुटा भाग पांढऱ्या फडक्यावर मांडायचे.

टालिनमध्ये असलं यंत्र दुकानात मिळत नसे.
होतं ते आरमाराकडे,
आणि आरमार कुणाशी बोलत नसे.

अडलं ते एका भोकापाशी.
केसाहून बारीक हवं, कायम तेवढंच राहणारं,
ज्यातून मिनिटाला पाऊण बाटली वायू येईल,
कमी नाही, जास्त नाही.
ड्रिलची तीन पाती मोडली.
चौथ्या रात्री बाबांनी आईच्या मनगटाकडे पाहिलं.
सतरा माणकांचं घड्याळ, प्रत्येक माणकाला नेमकं भोक.
आईने पट्टा सोडला.
"आणि वेळ कोण सांगणार, हेल्दुर?"
एवढंच म्हणाली.

बादलीत पालथी बाटली, तिच्यात चढणारे बुडबुडे,
कपाटावरच्या गजराच्या घड्याळाकडे माझे डोळे.
पाऊण. पुन्हा पाऊण. पुन्हा.
बाबा बादलीभोवती नाचले.

आई भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखालची नर्स.
"पाण्यात नंतर," ती म्हणाली,
"आधी इथे, या स्टुलावर, माझ्यादेखत."
नाकाला चिमटा, तोंडात रबर, हातात पेन्सिल.
शंभरातून सात वजा करत जा, लिहीत जा.
त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी.
छातीवरची पिशवी फुगत होती, बसत होती,
म्हैस रवंथ करते तशी, निवांत.
बहात्तर.
बहात्तर.
बहात्तर, आणि त्याला शेपूट, आणि शेपटीला एक मासा.
बाबा हसत होते.
इतकं मऊ हसू मी त्यांच्या तोंडावर
ना आधी पाहिलं, ना नंतर.

आईने रबर ओढून काढलं, एक थोबाडीत दिली,
खिडकी उघडली. बर्फ आत आला.
"का काढलंस?" निळ्या ओठांनी ते म्हणाले,
"किती छान वाटत होतं."
पिशवीत हवा होती.
हवेत प्राण नव्हता, इतकंच.
आणि त्याचा निरोप शरीराला कुणी देत नाही.

रात्री भिंगाखाली माणिक धरलं.
भोकात अडकलेला एक पांढरा धागा.
फडक्याचा.
माझ्या फडक्याचा.
आई माझ्याकडे पाहत राहिली, मग दिव्याकडे.
बाबा म्हणाले, "कुठूनही येतो असा धागा,"
आणि चिमट्याने उचलून
त्यांनी तो फुंकरून टाकला.
मी ते फडकं चुलीत घातलं. कुणी विचारलं नाही.

मे महिन्यात चुनखडीची बुडालेली खाण,
पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं.
तोवर माणकाआधी जाळी बसली होती,
अंगठ्याने दाबायचा वेगळा झडप आला होता,
आणि आईच्या हट्टाने कमरेला दोर.
बाबा खाली गेले आणि पाणी मिटलं.
साध्या टाकीवाल्याचे बुडबुडे तरी दिसतात,
इथे काहीच नाही. आरसा. त्यात ढग.
मी मनात वजा करत होते:
सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ,
दोनवर येऊन अडायचं, की पुन्हा शंभर.
आईच्या मुठीत दोर,
मनगटावर पट्ट्याचा फिकट वण.
सातव्यांदा शंभर. आठव्यांदा.
नवव्या वेळी एकाहत्तरावर मी चुकले
आणि मला कळेना, चुकले ती मीच की आणखी कुणी.

दोर तीनदा हलला.

वर आले ते थरथरत,
दगड फोडायचं यंत्र अजून उभं आहे म्हणाले, त्याच्या पोटात मासे आहेत,
मग चिमटा काढलेलं लाल नाक चोळत विचारलं,
"लेइली, लोणी आणलंयस का?"
आईने पिशवीतून डबा काढला.
पूर्ण भरलेला होता.