पाव तास

ड्रिफील्डच्या आमच्या गिरणीत माणसांचं काही दळलं जात नाही.
कोंबड्यांचं खाद्य. गहू, सोया, चुना,
आणि टनामागे दीड किलो ते तपकिरी पातळ,
काकवीसारखं दाट,
वासाला मात्र कोबी शिजवून
भांडं तसंच विसरलेल्या घरासारखं.
हा वास केसांतून जात नाही.
बसमध्ये माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामीच असते.

पिसांना गंधक लागतं, धान्यातलं पुरत नाही,
म्हणून हे वरून घालायचं.
कोंबडीच्या पोटात गेलं की त्याचं पीस होतं.
साध्या लोखंडाच्या टाकीत ठेवलं
तर ते टाकी खातं.

शेजारच्या खोलीत त्याचीच बहीण, पांढरी भुकटी.
ती कोणाला चावत नाही, ठिणगीची वाट बघते.
तुळईवर बसलेली धूळ, कागदाएवढी जाड,
एका झटक्यात हवेत उठली तर छप्पर राहणार नाही.
म्हणून तिथे हवेचा फवारा नको, नायलॉनचं जॅकेट नको,
आणि प्रत्येक पिंपाला जमिनीशी बांधणारी तार हवी,
असं मी नव्या पोरांना सांगते.
पोरं तारेकडे बघतात, मग घड्याळाकडे.

सोळा कलमांचं पत्रक. मला ते पाठ आहे, पगार त्याचाच.
कलम चार: डोळ्यात गेल्यास
पापण्या उघड्या धरून
निदान पंधरा मिनिटं पाण्याने धुवा.

नोव्हेंबरचा मंगळवार. समुद्रावरून आलेलं धुकं
टँकरच्या चाकांपर्यंत उतरलेलं.
रीस ओल्डरॉइड, वय एकोणीस,
होजची कडी सोडवताना गॉगल कपाळावर,
कारण आत वाफ धरते.
(नंतर थ्वेट म्हणाला, कपाळाला काय दिसायचं होतं?
आणि मग टोपी काढून उगाच झटकत राहिला.)

मला आधी आवाज आला. मग तो.

नळाखाली त्याचं डोकं माझ्या कोपरात.
पापणी मिटायला बघते, मी मिटू देत नाही.
पाणी बर्फ.
हीटर बंद आहे, हे मी वहीत दोनदा लिहिलं होतं.
सप्टेंबरात. पुन्हा ऑक्टोबरात. खाली सही.
सही केली की आपलं झालं
असं मीही धरून चालले होते.

"बोल काहीतरी," तो दात वाजवत म्हणाला.
पंधरा मिनिटं काय बोलतात,
जिच्या लेकाएवढा आहे तो, पण लेक नाही, त्याच्याशी?
इंग्रजी सगळं संपलं होतं माझं, फक्त कलमं उरली होती.
तेव्हा आतून कुठून तरी दिडकी आली,
एक दिडे दीड, बे दिडे तीन,
तीन दिडे साडेचार, चोक दिडे सहा,
सांगलीच्या शाळेतल्या ओळीत, त्याच हेलात.
थकले की पहिल्यापासून.
तो दर ओळीला हुं म्हणत होता.
अकराव्या मिनिटाला म्हणाला, बास, बरं वाटतंय.
मी म्हटलं, नाही.
पाव तास म्हणजे पाव तास.

अँब्युलन्स हलला गेली.
माझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या, बोटं निळी,
आणि थ्वेट चहाचे दोन कप घेऊन उभा,
दुसरा कोणासाठी ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

डोळा वाचला. थोडा धूसर राहिला.
रीस परत आला नाही, बेव्हर्लीत कुठे गोदामात लागला म्हणे.
डिसेंबरात त्याच्या आजीने सहा अंडी पाठवली,
घरच्या कोंबड्यांची, चिठ्ठी नाही.
एकाला बारीक पीस चिकटलेलं.
ते मी काढलं नाही. अंडं मात्र खाल्लं.

नवा हीटर दोन दिवसांत बसला होता.
दोन दिवसांत.
आता दर सोमवारी, कोणी यायच्या आधी,
मी नळ सोडते, मनगट धरते पाण्याखाली,
आणि वहीत लिहिते: कोमट.
सही करते.
मग पुन्हा एकदा मनगट धरते.